बिरादार सरांचं बनियन

फोनवर लाल गोल दिसला की मला मळमळतं. आता चित्रकला शिकवणाऱ्या बाईने असं म्हणावं हे काही बरं नाही. लाल रंगाने माझं काय घोडं मारलंय? पण कुणीतरी बोटाने ओढलेला, एखाद्या शब्दाच्या गळ्यात फास अडकवावा तसा तो वेडावाकडा गोल पाहिला की मला बिरादार सर आठवतात. त्यांच्यामागोमाग निकम साहेब, प्रिन्सिपल मॅडम आणि आमची सगळी स्टाफरूम आठवते आणि माझा उरलेला दिवस खराब जातो.

आमची शाळा चाकणजवळ महाळुंग्यात. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला कंटेनर लावायचं मैदान, आणि मधल्या पट्टीत आम्ही. पूर्वी तिथे बटाट्याचं गोदाम होतं. कोपऱ्यातल्या खोल्यांना पावसाळ्यात अजून तो वास येतो. गेटवरची पाटी मात्र अशी की 'इंग्लिश मीडियम' हे शब्द रस्त्यावरच्या ट्रकवाल्यालाही वाचता यावेत. मुलं कोणाची, तर कंपनीच्या बसने शिफ्टला जाणाऱ्यांची, जमिनी देऊन त्याच कंपन्यांत कंत्राटावर लागलेल्या गाववाल्यांची, लातूर-नांदेडकडून आलेल्या भाडेकरूंची, चौकातल्या गॅरेजवाल्यांची. घरात इंग्रजीचा वारा नाही. तो नाही म्हणूनच पोटाला चिमटा काढून पोरांना इथे घातलेलं.

बिरादार सर मूळचे उदगीरकडचे. राहायचे काळेवाडीत, एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत. काळेवाडी ते महाळुंगे हा रस्ता मोटारसायकलवर करणाऱ्या माणसाचं शाळेत पोहोचेपर्यंत काय होतं, हे त्या रस्त्याने गेलेल्यालाच कळेल. म्हणून सर बनियनवर जुनं जाकीट चढवून यायचे आणि इस्त्रीचा शर्ट हँगरला लावून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पाठीमागे झेंड्यासारखा बांधून आणायचे. शाळेत आले की थेट स्टोअररूममध्ये. पाच मिनिटांनी बाहेर पडणारा माणूस वेगळाच. बाहीची घडी अशी की बोट कापावं, गळ्यापर्यंत बटणं, केसांना पाण्याचा हात. शाळा सुटली की पुन्हा स्टोअररूम. शर्ट काढून हँगरला, आणि हे बनियनवर, बटाट्याच्या उरलेल्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर मांडी घालून, रस्त्यावरची गर्दी ओसरायची वाट बघत बसलेले.

माझे रंग आणि कागद त्याच खोलीत असत. पहिल्यांदा मी दार उघडलं आणि ओशाळून मागे फिरले, तर आतून आवाज आला, "या की मॅडम. बनियन हाय न अंगात."

वर्गातले सर कडक होते. फळा स्वतः ओल्या फडक्याने पुसायचे. अक्षर असं की खडूने लिहिलंय यावर विश्वास बसू नये. एखाद्या पोराने फळ्यावर चुकीचं वाक्य लिहिलं तर हसायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, खडू पुढे धरून नुसते उभे राहायचे. ते वाक्य दुरुस्त झाल्याशिवाय तास पुढे सरकायचा नाही. "फळ्यावर चूक राहिली की तिला पाय फुटतेत," ते म्हणायचे, "मग ती घरोघर फिरती."

कार्यालयी इंग्रजीवर त्यांचा भारी राग. प्रिन्सिपल मॅडमची नोटीस आली आणि तिच्यात 'काइंडली' दिसलं की खवट शेंगदाणा दाताखाली आल्यासारखं तोंड करायचे. मला म्हणाले, "माणूस काइंडली म्हणाला की समजायचं, आता ह्याच्या मनात काइंड काईच नाही."

आता त्यांच्या त्या ग्रुपचं सांगते, कारण सगळं महाभारत तिथेच झालं.

नववीचा वर्ग मुका होता. लिहून द्यायची पोरं, पाठ करून म्हणायची, पण आपल्या मनाने एक वाक्य बोल म्हटलं की अख्खा वर्ग फरशीकडे बघायचा. सरांनी गोष्टी सांगून बघितल्या, गटात बसवून बघितलं, रागावून बघितलं. मग एकदा एक मुलगी शाळेत आली नाही आणि तिने वडिलांच्या फोनवरून सरांना निरोप धाडला. निरोप असा, "सर, फीवर इज केम, आय नॉट कम." त्या वेळी सर पोत्यांवर बसले होते, शर्ट हँगरला होता. त्यांनी गंमतीने उत्तर धाडलं, "ओके. फीवर गो, देन यू कम." त्यावर त्या मुलीने ताप कसा आला, आईने कपाळावर काय ठेवलं, बापाने गॅरेज कसं लवकर बंद केलं, असं जे काय लिहिलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं. आजवर फरशीकडे बघणारी पोरगी होती ती. सानिया तिचं नाव, चाकणच्या चौकात गॅरेज चालवणाऱ्या रफिकभाईंची मुलगी.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गाचा ग्रुप केला आणि एकच नियम घातला. फोन घरी आला की एक वाक्य.

हा नियम बाहेरच्याला कळायचा नाही. आमच्या पोरांच्या घरी बहुतेक एकच बरा फोन, तोही बापाचा. बाप कंपनीत गेला की फोन गेटजवळच्या कपाटात कुलूपबंद. शिफ्ट सुटली की फोन सुटणार. म्हणून ज्यांचे वडील फर्स्ट शिफ्टला, त्यांची वाक्यं दुपारी. जनरलवाल्यांची दिवेलागणीला. नाइटवाल्यांची सकाळी, शाळेची बस यायच्या आधी. आज घरी काय झालं ते एका वाक्यात, इंग्रजीत, जमेल तसं. कुणाचं चुकलं म्हणून कुणी सांगायचं नाही, आणि सर प्रत्येकाला उत्तर देणार.

आणि काय इंग्रजी होतं ते. एका पोराने लिहिलं, "टुडे टँकर नॉट कम. मदर फायटिंग. आय हॅपी, नो बाथ." सरांचं उत्तर, "मी ऑल्सो नो बाथ. डोन्ट टेल प्रिन्सिपल." ना कुठे मोठं अक्षर, ना पूर्णविराम. निम्मे स्वर गाळलेले, 'इज'चं आणि 'आर'चं भांडण लागलेलं. पोरांचं तसं, आणि सरांचंही तसंच. सगळं काही ते मुद्दाम करत होते असं मी म्हणणार नाही. अंगठे जाड, डोळ्यांना चाळिशी, मराठीत विचार करून भराभर इंग्रजीत ओतायची सवय. चुका त्यांच्या स्वतःच्या होत्या, आणि त्यांना त्यांची अजिबात लाज नव्हती.

मी एकदा विचारलंच. म्हटलं, सर, तुम्ही इंग्रजीचे शिक्षक, वर्गात एका शब्दासाठी तास थांबवता आणि इथे हे काय?

सरांनी हँगरवरच्या शर्टाकडे बोट केलं. "वर्गात इस्त्री, फोनवर बनियन. मॅडम, घरात माणूस बनियनवर बसला तर लेकरं जवळ येऊन बसतेत. कोट घालून बसला तर दारातूनच परत जातेत." मग पुन्हा फोनमध्ये डोकं घालून म्हणाले, "आणि उगं चुकलं तर काय, पोलीस धरून नेतेत का?"

माझी स्कूटर बंद पडली म्हणून मी रफिकभाईंकडे गेले होते, तेव्हा या बनियनचं फळ माझ्या कानांनी ऐकलं. रफिकभाई चाकणचे जुने, पाना हातात असल्याशिवाय बोलायचे नाहीत. म्हणाले, "मॅडम, माझा फोन गिऱ्हाईकासाठी हाय का पोरीसाठी, तेच कळंना. परवा परदेशी साहेबाची गाडी आली. ड्रायव्हरला काय सांगता येईना, साहेब बी रागात. हीच पुढं झाली आणि बोलली त्याच्याशी. चुकत माकत बोलली, पण बोलली. साहेब हसला, पोरगी बी हसली. मी आपला पाना घेऊन बघत बसलो." एवढं बोलून त्यांनी माझ्या स्कूटरचा प्लग पुसायला घेतला, तो गरजेपेक्षा जास्त वेळ पुसला.

असं चाललं होतं. चांगलं चाललेलं कुणाच्या डोळ्यात खुपत नाही असं आमच्या भागात होत नाही.

निकम साहेबांची मुलगी वर्षाच्या मध्येच नववीत आली. साहेब एका मोठ्या कंपनीत क्वालिटीचे प्रमुख. चऱ्होलीला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट, बोलण्यात प्रत्येक वाक्याला 'सिस्टीम'. त्यांच्या खात्यात एक पद्धत आहे, ती त्यांनीच आम्हाला पुढे सभेत समजावली. लाइनवर एखादा भाग सदोष निघाला की त्याचा फोटो काढायचा, दोषाभोवती लाल गोल ओढायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा, म्हणजे सगळ्यांना दिसेल की कुणाच्या हातून काय झालं. सदोष भाग लाल पेटीत. मग ज्याच्या हातून झालं त्याला उभं करून विचारायचं, असं का झालं? मग ते का झालं? मग ते तरी का झालं? मुळाशी पोहोचेपर्यंत. लोखंडासाठी ही पद्धत चांगलीच असेल, मला लोखंडातलं काही कळत नाही.

साहेबांनी मुलीच्या फोनवर सरांचा ग्रुप उघडला आणि त्यांना तो सगळा लॉटच सदोष वाटला. हे असं फक्त आमच्याच पट्ट्यात होऊ शकतं. दुसरीकडचा बाप सरांना फोन करेल, फार तर भांडेल. या माणसाने सरांच्या उत्तरांचे फोटो काढले, चुकांभोवती लाल गोल ओढले, आणि पालकांच्या मोठ्या ग्रुपवर एकामागून एक टाकले. खाली लिहिलं, "हे आपल्या मुलांचे इंग्रजीचे शिक्षक."

त्या दिवसाची आठवण आली की मला आजही शिसारी येते. संध्याकाळपर्यंत ते फोटो महाळुंग्यापासून भोसरीपर्यंत फिरले. ज्यांना स्वतःची सही इंग्रजीत करता येत नाही त्यांनी खाली हसणारी तोंडं टाकली. ज्यांच्या पोरांनी त्याच ग्रुपवर पहिल्यांदा तोंड उघडलं होतं तेही हसले, कारण सगळे हसत होते. आमच्या स्टाफरूमची तर दिवाळीच. रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर 'गुड मॉर्निंग'चं वाटोळं करून पाठवणाऱ्या बाया आणि बाप्ये, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून सरांच्या चुका मोजत होते. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण इतकी एका खोलीत कधी पाहिली नव्हती. सर आत आले तेव्हा सगळे एकदम वह्या तपासायला लागले. सरांनी पाण्याची बाटली उचलली, माझ्याकडे पाहून जरासं हसले आणि तासाला गेले.

पालकसभा बोलावली गेली. निकम साहेबांनी प्रोजेक्टर मागवला होता. भिंतीवर सरांची वाक्यं, एकेका वाक्यावर लाल गोल, आणि समोर इस्त्रीच्या शर्टात सर उभे. 'डोन्ट टेल प्रिन्सिपल' हे वाक्य भिंतीएवढं झालं तेव्हा प्रिन्सिपल मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेबांनी आवाज अजिबात चढवला नाही. अशी माणसं चढवत नाहीत. त्यांनी लाइनवरच्या पोऱ्याला विचारावं तसं विचारलं, सर, ही चूक का झाली? घाईत लिहिलं म्हणता, घाई का होती? घाईत होतात तर लिहिलंच का?

सरांनी एकदा प्रयत्न केला. ते म्हणाले, "साहेब, त्याचं असं हाय बघा, ते आमचं बनियन हाय..." पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही, एवढा हशा झाला.

रफिकभाई मागे उभे होते, गॅरेजच्या कपड्यातच आलेले. ते म्हणाले, "साहेब, माझी पोरगी आधी बोलत न्हवती. आता बोलाय लागली. मला तेवढंच कळतं."

निकम साहेब त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "भाऊ, चुकीचं बोलायला लागली. आमच्याकडे एक भाग चुकला की अख्खा लॉट परत येतो."

रफिकभाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि ते खाली बसले. मला त्या क्षणी साहेबांच्या त्या घोटीव, नम्र आवाजाची इतकी किळस आली की उठून मीच काहीतरी बोलले. काय बोलले ते जाऊ द्या, कारण प्रिन्सिपल मॅडमने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मॅडम, तुम्ही चित्रकलेचं बघा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हशा.

सरांची नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती. पण त्यांना काळजी त्याची नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. सभा संपल्यावर स्टोअररूममध्ये ते मला म्हणाले, "ग्रुप बंद करा म्हणायलेत सगळे, मॅडम. एवढा ग्रुप राहू द्या, मग मी वाट्टेल तेवढ्या बारी माफी मागतो. लेकरांची तोंडं आत्ता कुठं उघडलीत." मग जरा थांबून, थोड्या ताठ्यात म्हणाले, "त्यांना वाटायलंय मला येतच नाही. लिहून दाखवतो न, मग कळंल."

आणि तिथेच त्यांनी घोळ घातला. सगळ्यांच्या सगळ्या मूर्खपणात ही एक चूक मात्र सरांची. त्यांनी माफीपत्र लिहिलं, मोठ्या ग्रुपवर टाकलं. अंगात इस्त्रीचा शर्ट घालूनच लिहिलं असणार ते. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. लांबलचक, डौलदार, कोर्टात वाचावं असं इंग्रजी, आणि त्यात ओळीओळीला 'काइंडली'. काइंडली माफ करावं, काइंडली समजून घ्यावं, काइंडली ग्रुप चालू ठेवावा. तो शब्द वाचताना मला सरांचीही किळस आली. हे मी लपवत नाही. ज्या शब्दाने या माणसाचं तोंड कडू व्हायचं, तोच त्याने ताटभर वाढून पुढे ठेवला होता, आणि तोही अशा लोकांपुढे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रुपवर टाळ्यांचे हात इतके आले की पत्र वर निघून गेलं. निकम साहेबांनी लिहिलं, "धिस इज द स्टँडर्ड वी एक्स्पेक्ट." म्हणजे आपण किती दर्जेदार लिहू शकतो हे सरांनी स्वतःच्या हाताने दाखवून दिलं, आणि तेच माप त्यांना कायमचं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ग्रुप राहिला. कसा राहिला ते ऐका. सरांनी जे काही लिहायचं ते आधी प्रिन्सिपल मॅडमला पाठवायचं. त्यांनी वाचून 'ओके' दिलं की मगच ग्रुपवर टाकायचं. पोरांनीही 'योग्य इंग्रजीत' लिहावं अशी सूचना वर चिकटवली. कंपनीत तपासलेल्या मालाला हिरवी चिठ्ठी लावतात, तसंच अगदी. निकम साहेबांनी या व्यवस्थेचं कौतुक केलं.

त्यानंतरही दोन-चार पोरं धीर करून लिहीत होती. त्या टँकरवाल्या पोराने पुन्हा लिहिलं की टँकर आला नाही. सरांनी उत्तर लिहून मॅडमकडे पाठवलं. मॅडम मीटिंगमध्ये. मग त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी 'ओके' आलं आणि सरांचं उत्तर ग्रुपवर पडलं, "आय अ‍ॅम सॉरी टू हिअर अबाउट द वॉटर सप्लाय." तोवर टँकर येऊन गेला होता, बादल्या भरल्या होत्या, पोराची अंघोळसुद्धा झाली होती. त्या पोराने पुन्हा काही लिहिलं नाही. हळूहळू कुणीच लिहिलं नाही. शेवटी ग्रुपवर राहिली ती निकम साहेबांची मुलगी, रोज एक शुद्ध वाक्य लिहिणारी, आणि ते वाक्य तिचे वडील तिला सांगत असत हे तिनेच मला चित्रकलेच्या तासाला सांगितलं. बिचारी. तिचा काय दोष?

त्याच तासाला सानिया माझ्या टेबलाशी आली. चित्र दाखवायच्या निमित्ताने आली होती, पण चित्र दाखवलं नाही. हळूच म्हणाली, "मॅडम, सर आमच्यावर रागावलेत का?" मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, "मग असं का लिहितात?" वर्ग पुन्हा फरशीकडे बघायला लागला होता. इंग्रजीच्या तासाला दारावरून जाताना मला ते दिसायचं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली, ती कुणाला सांगण्यासारखी नाही म्हणूनच इथे सांगते. शाळा सुटल्यावर मी रंग ठेवायला स्टोअररूममध्ये गेले. सर पोत्यांवर बसले होते, पण इस्त्रीच्या शर्टात. गळ्यापर्यंत बटणं. हँगर रिकामा, खिळ्यावर लटकत होता. फोन मांडीवर पालथा ठेवलेला. मी म्हटलं, "सर, उकडतंय, शर्ट तरी काढा." ते म्हणाले, "असू द्या मॅडम. कोणी फोटो काढला तर?" मी हसले, कारण मला वाटलं विनोद केला. त्यांनी विनोद केला नव्हता.

नोकरी पक्की झाली त्यांची. पत्र आलं, पेढे वाटले. तरी दुसऱ्याच वर्षी ते सोडून गेले, भोसरीला कुठल्या क्लासमध्ये. निरोप समारंभात प्रिन्सिपल मॅडमने त्यांच्या 'निर्दोष इंग्रजी'ची तारीफ केली, आणि मी माझ्या ताटातला समोसा तसाच टाकून उठून आले.

मग काही वर्षं गेली. सर मला शेवटचे दिसले ते चाकणच्या चौकात, रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये. माझी स्कूटर नेहमीप्रमाणे उघडून ठेवलेली. समोर रस्त्यावर कंटेनरची रांग, धुळीने माणसं पिवळी झालेली, आणि त्यातून सर आले. मोटारसायकल तीच. अंगावर जाकीट नाही, पाठीमागे हँगर नाही. इस्त्रीचा शर्ट घालूनच आले होते, आणि त्याची जी अवस्था झाली होती ती बघवत नव्हती. बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली.

रफिकभाईंनी पाना बाजूला ठेवला, खुर्ची पुसून दिली. म्हणाले, "सर, पोरीला नोकरी लागली. उद्या जायचंय. सकाळी तुम्हाला मेसेज केलाय तिनं, तवापासनं फोन हातातनं सोडंना. तुमचं उत्तर न्हाई आलं म्हणती."

सर कसनुसे झाले. "बघितलाय की. देतो म्हणलं सावकाश." त्यांनी फोन काढला आणि मला दाखवला. सानियाने लिहिलं होतं, "सर आय गॉट जॉब. टुमारो फर्स्ट डे. आय व्हेरी हॅपी अँड व्हेरी फीअर. यू कम हाउस, मदर मेकिंग शीरखुर्मा." मोठं अक्षर नाही, पूर्णविराम नाही. डिप्लोमा झालेली मुलगी, दुसरीकडे ती नीटच लिहीत असणार. सरांसाठी तिने ते जुनं बनियन जपून ठेवलं होतं.

खाली सरांचं उत्तर, अजून न पाठवलेलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, उगं एकदा बघा न. बरोबर हाय का?"

मी चित्रकला शिकवते. इंग्रजीत पोस्टाचा पत्ता लिहायचा तरी मी दोनदा खोडते. आणि मला हा माणूस विचारत होता, ज्याच्या फळ्यावरचं एक अक्षर कधी वाकडं पडलं नाही. उत्तर होतं, "डिअर सानिया, हार्टी काँग्रॅच्युलेशन्स ऑन युअर अपॉइंटमेंट. काइंडली कन्व्हे माय रिगार्ड्स टू युअर पेरेंट्स." पेरेंट समोर पुन्हा पाना घेऊन उभे होते.

मी म्हटलं, बरोबर आहे सर, पाठवा. त्यांनी ते पुन्हा वाचलं. एक शब्द खोडला, तोच पुन्हा लिहिला. मग सगळंच पुसलं, आणि नुसता एक अंगठा पाठवून दिला.

उत्तर लगेच आलं. पोरगी खरंच फोन हातात घेऊन बसली असणार. सरांनी वाचलं आणि फोन माझ्याकडे वळवला. तिने लिहिलं होतं, "सर यू अँग्री?"

माझी स्कूटर झाली होती. निकम साहेबांना, त्यांच्या लाल पेटीला आणि टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या हातांना मनातल्या मनात शिव्या घालत मी ती सुरू केली. सिग्नलला थांबून मागे वळून पाहिलं, तर सर अजून गॅरेजच्या दारात उभे होते, अंगठा फोनवर धरून.